‘यथावकाश’ या शब्दाची किंमत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा पाठ)



मी आयुष्यभर शाळामास्तरकी केली. मास्तराला बोलण्याची सवय असते खरी, परंतु ज्यांना घंटा होईपर्यंत बसून ऐकणे भाग आहे अशाच श्रोत्यांपुढे. आपणांपैकी कोणावरही तसे बंधन नाही आणि मागील बाजूस भोजनाची तयारी चालू असल्याचे मलाही कळते आहे. म्हणून फार प्रस्तावना न करता विषयाला हात घालतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात माझी मुलगी राहते. तिच्याकडे काही महिने राहण्याचा योग आला. परत आल्यावर आपल्या कार्यवाहांनी सुचविले, “मास्तर, तिकडच्या काही गोष्टी सांगा.” तिकडच्या उंच इमारती आणि रुंद रस्ते आता आपल्यातील पुष्कळांनी स्वतः पाहिले आहेत; ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना नातवंडांनी चित्रांतून दाखविले आहेत. मी आज सांगणार आहे ती एका लहान गावातील शाळेची हकीकत. ती शाळा मी पाहिली आणि पाहून आल्यापासून आपल्या मंडळाच्या एका जुन्या ठरावाविषयी माझ्या मनाला स्वस्थता नाही. तो ठराव कोणता, हे शेवटी सांगेन.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न हा आपणांस परका आहे, असे कोणी समजू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली शिक्षणासाठी गेले ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. आणि १९७२ साली मुंबईत दलित तरुणांनी ‘दलित पँथर’ स्थापन केली, तेव्हा ते नावच अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेवरून घेतले होते. म्हणजे दीडशे वर्षे तिकडचा वारा इकडे येत आहे. त्या वाऱ्यासमोर आमच्यासारख्यांच्या घरांच्या खिडक्या बंद होत्या, एवढेच.

रिचमंड शहरापासून मोटारीने सुमारे दीड तास नैर्ऋत्येकडे गेले की फार्मव्हिल नावाचे गाव लागते. तंबाखूची शेते, पाइनची झाडे आणि चर्चचे मनोरे, असा तो मुलूख. प्रिन्स एडवर्ड काउंटीचे हे मुख्य ठाणे. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा विभाग समजावा. त्या काळी तेथे गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि कृष्णवर्णीय मुलांची वेगळी, असा कायदाच होता. कृष्णवर्णीयांच्या हायस्कुलाचे नाव रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल. १९३९ साली ते बांधले तेव्हा १८० विद्यार्थ्यांची सोय केली होती. १९५० च्या सुमारास तेथे साडेचारशेवर मुले शिकत होती. व्यायामशाळा नाही, उपाहारगृह नाही. जास्तीच्या मुलांसाठी अंगणात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारली होती. हिवाळ्यात आत शेगडी पेटवीत. शेगडीजवळची मुले भाजून निघत आणि दाराशी बसलेली अंगावरचा कोट काढीत नसत. पाऊस आला की छत गळे.

या शाळेसाठी वडीलधाऱ्यांनी काही केले नव्हते असे मुळीच नाही. पालकांनी स्कूल बोर्डाकडे अर्ज केले, शिष्टमंडळे नेली. मुख्याध्यापक बॉइड जोन्स स्वतः बोर्डाच्या बैठकांना जात. प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळे: जागेचा शोध चालू आहे, योग्य वेळी विचार होईल. पुढे पुढे तर बोर्डाने, आता बैठकांना येण्याचे कारण नाही, निर्णय झाला की कळवू, असे सुचविले. त्या पिढीचे हत्यार अर्ज हे होते. ज्यांची शेते आणि नोकऱ्या गोऱ्या माणसांच्या मर्जीवर होत्या, त्यांनी अर्ज करणे हेसुद्धा धाडस होते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे मी तरुणांची स्तुती करणार आहे; ती करताना या वडीलधाऱ्यांचा अवमान होऊ नये.

त्या शाळेत बार्बरा जॉन्स नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. अबोल स्वभावाची, वाचनाची आवड असलेली, शेतकरी कुटुंबातील. एके सकाळी तिची शाळेची बस चुकली. ती रस्त्यात तिष्ठत उभी असता गोऱ्या मुलांची बस अर्धी रिकामी समोरून निघून गेली, आणि तिला तीत पाय ठेवण्याची मुभा नव्हती. ही आठवण तिने पुढे लिहून ठेवली आहे. शाळेच्या स्थितीबद्दल तिने आपल्या संगीताच्या शिक्षिकेपाशी गाऱ्हाणे केले, तेव्हा बाईंनी उलट विचारले की, मग तू त्याविषयी काही करीत का नाहीस? तो प्रश्न त्या मुलीने मनावर घेतला.

२३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना एक दूरध्वनी आला, की तुमची मुले गावात गडबड करीत आहेत, त्वरित या. ते बाहेर पडताच सर्व वर्गांना सभागृहात येण्याची चिठ्ठी फिरली. पडदा उघडला तेव्हा व्यासपीठावर मुख्याध्यापकांऐवजी बार्बरा आणि तिचे सहकारी विद्यार्थी होते. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि नव्या इमारतीचा निर्णय होईपर्यंत शाळेत पाऊल न ठेवण्याचे आवाहन केले. साडेचारशे मुले शाळेबाहेर पडली. हा संप दोन आठवडे चालला.

ते सभागृह अजून आहे. शाळेच्या जुन्या इमारतीत आता वस्तुसंग्रहालय केले आहे. मी तेथील एका बाकावर काही वेळ बसलो. मुख्याध्यापक म्हणून मी पुष्कळ वर्षे काढली, त्यामुळे माझे मन प्रथम कोणाकडे धावले असेल तर ते बार्बराकडे नव्हे, बॉइड जोन्स यांच्याकडे. फसवून बाहेर नेलेला, परत येऊन मुलांना वर्गात जाण्याची विनवणी करणारा तो गृहस्थ. मुलांनी त्यांचा उपमर्द केला नाही, परंतु त्यांचे ऐकलेही नाही. पुढे त्यांची नोकरी गेली. ज्याने नियमाप्रमाणे अर्ज केले होते, त्यालाच त्याच्या विद्यार्थ्यांच्या बंडाची शिक्षा झाली. दोन पिढ्यांमधील हिशेब असे गुंतागुंतीचे असतात.

मुलांनी त्याच दिवशी रिचमंड येथील वकिलांना पत्र लिहिले. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे ते दोघे वकील. मुलांची समजूत घालून त्यांना शाळेत परत पाठवावे, अशा विचाराने ते फार्मव्हिलला आले. परंतु मुलांचा निर्धार पाहून त्यांचा विचार पालटला. त्यांनी एक अट मात्र घातली: नुसती नवी इमारत मागणारा दावा आम्ही चालविणार नाही, मुलांना वर्णावरून वेगळे बसविणे हेच बेकायदेशीर आहे, असा दावा करावयाचा असेल तर आम्ही येऊ. पालकांची मोठी सभा चर्चमध्ये भरली. एका जुन्या शिक्षणतज्ज्ञ गृहस्थांनी इशारा दिला की, हे फार पुढचे पाऊल आहे. त्यांना बार्बराने सडेतोड उत्तर दिले आणि सभेचा कौल मुलांच्या बाजूने पडला. पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन खंबीरपणे मुलांच्या मागे उभे राहिले. मे महिन्यात ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला.

पुढील इतिहास जगजाहीर आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतील असे पाच दावे सर्वोच्च न्यायालयात एकत्र चालले आणि १७ मे १९५४ रोजी, वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निर्णय झाला. ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे. त्या पाच दाव्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला दावा एवढाच होता.

आमच्या लहानपणी गोष्ट येथे संपली असती. सत्याचा जय झाला, तात्पर्य लिहा. परंतु मी आपणांस ही हकीकत सांगण्याचे कारण येथून पुढे सुरू होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली दुसरा निकाल दिला. मिश्र शाळा केव्हापर्यंत सुरू कराव्यात, याची तारीख त्यात नव्हती. सर्व बाजूंचा विचार करून शक्य त्या त्वरेने करावे, अशा अर्थाचे शब्द होते. आपल्या सरकारी मराठीत सांगावयाचे तर ‘यथावकाश’. या एका शब्दाच्या आडोशाने प्रिन्स एडवर्ड काउंटीने चार वर्षे काढली. अखेर १९५९ साली वरिष्ठ न्यायालयाने तारीख ठरवून दिली, तेव्हा तेथील पंचांनी असा उपाय शोधला की जो अमेरिकेत दुसऱ्या कोणत्याही काउंटीने इतका काळ चालविला नाही. त्यांनी शाळांसाठी कर बसविण्याचेच नाकारले. सार्वजनिक शाळा सर्वांसाठी बंद! गोऱ्या मुलांसाठी देणग्यांतून खाजगी शाळा ताबडतोब निघाली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांच्या दारांना मात्र कुलूप लागले. ते कुलूप पाच वर्षे निघाले नाही. काही गरीब गोऱ्या मुलांचीही शाळा सुटली, हेही सांगितले पाहिजे.

आता आपण हिशेब पाहू. १९५१ साली संप करणारी मुले तोवर शिकून मोठी झाली होती. बार्बराला तर जिवाच्या भीतीने घरच्यांनी माँटगोमेरीला तिच्या काकांकडे पाठविले होते. मग १९५९ च्या कुलपाची शिक्षा कोणाला झाली? त्यांच्या धाकट्या भावंडांना. संपाच्या दिवशी जी पाळण्यात होती, किंवा जन्मलीही नव्हती, त्या मुलांना. १९५३ साली जन्मलेले मूल १९५९ साली नवे दप्तर घेऊन शाळेला निघाले, तो शाळा बंद. त्याला पहिली इयत्ता दिसली ती दहाव्या वर्षी. जे बारा-तेरा वर्षांचे होते त्यांतील पुष्कळजण तंबाखूच्या शेतांवर कामाला लागले आणि पुन्हा शाळेत आलेच नाहीत. काही मुलांना घरापासून दूर, दुसऱ्या राज्यांत, अनोळखी कुटुंबांत ठेवून शिकविण्यात आले. चर्चच्या तळघरांतून स्त्रियांनी मुलांना अक्षरओळख टिकविण्यापुरते वर्ग चालविले.

या काळात एक कसोटीचा प्रसंग आला. काही गोऱ्या पुढाऱ्यांनी कृष्णवर्णीयांसाठीही खाजगी शाळा काढून देऊ, असा प्रस्ताव मांडला. तो स्वीकारला असता तर मुलांची वर्षे वाचली असती, पण न्यायालयात मिळविलेले सारे हातचे गेले असते. पालकांनी काय केले? त्या शाळेसाठी अवघा एक अर्ज आला. एक! बाकी सर्व आईबापांनी, आपली मुले घरी बसलेली पाहात, नकार दिला.

हे बरोबर केले की चूक? मी यावर पुष्कळ विचार केला. तत्त्व मोठे खरे. परंतु तत्त्वाची किंमत आठ वर्षांच्या मुलाने द्यावी, आणि तीही त्याला न विचारता? एकच गोष्ट त्या वडीलधाऱ्यांच्या बाजूने निर्विवादपणे सांगता येते. पाद्री ग्रिफिन यांची स्वतःची मुले त्या बंद शाळेबाहेर होती आणि पुढील खटला त्यांच्याच नावाने चालला. दुसऱ्याच्या मुलांना यज्ञात ढकलून स्वतःची मुले शहरात शिकविण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. त्याग मागणाऱ्याने त्याग प्रथम आपल्या घरातून काढावा, हे त्यांनी पाळले.

१९६३ च्या उन्हाळ्यात फार्मव्हिलच्या मुख्य रस्त्यावर मुले निदर्शनांसाठी उतरली. ज्यांची शाळा हिरावली होती, तीच ही मुले. वडिलांच्या पिढीचे हत्यार अर्ज, बार्बराच्या पिढीचे संप आणि खटला, आणि आता रस्त्यावरचा मोर्चा. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या प्रयत्नाने आणि देणग्यांच्या आधारे तात्पुरत्या मोफत शाळा सुरू झाल्या, त्यांत दीड हजारांहून अधिक मुले आली. अखेर २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडणे भाग पाडले आणि विलंबाची मुदत आता संपली आहे असे बजावले. पहिल्या निकालाला त्या वेळी दहा वर्षे होऊन गेली होती. ‘यथावकाश’ या शब्दाचा अर्थ एका मुलाचे सारे बालपण एवढा लांब असू शकतो.

याच १९६३ सालचा आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो उलट दिशेचा आहे. २८ ऑगस्टला वॉशिंग्टन येथे तो प्रसिद्ध विराट मोर्चा निघाला. विद्यार्थी संघटनेच्या वतीने तेवीस वर्षांचे जॉन लुइस बोलणार होते. त्यांच्या लेखी भाषणातील काही वाक्ये फार जहाल आहेत अशी तक्रार निघाली आणि ज्येष्ठ मंडळी धास्तावली. तरुण ऐकेनात. तेव्हा मोर्चाचे प्रणेते फिलिप रँडॉल्फ त्यांच्यापाशी आले. वय चौऱ्याहत्तर. १९४१ साली त्यांनी असाच मोर्चा योजिला होता आणि त्याच्या नुसत्या धाकाने सरकारला युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील वर्णभेदाविरुद्ध आदेश काढावा लागला होता. त्या वेळी स्थगित झालेला मोर्चा निघण्यास बावीस वर्षे लागली. त्या वृद्ध पुरुषाने विनविले की, या दिवसाची मी आयुष्यभर वाट पाहिली आहे, एकोपा मोडू नका. तरुणांनी शब्द बदलले. हुकुमाने ते झाले नसते. ज्याने स्वतः झीज सोसली होती त्याच्या विनंतीने झाले. आणि हेच जॉन लुइस पुढे लोकप्रतिनिधी झाले, वृद्ध झाले. जून २०२० मध्ये नव्या पिढीने वर्णद्वेषाविरुद्ध वॉशिंग्टनच्या रस्त्यावर मोठी अक्षरे रंगविली, तेव्हा दुर्धर व्याधीने जर्जर असतानाही ते त्या ठिकाणी जाऊन उभे राहिले. पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. नव्यांची रीत आमच्यासारखी नाही, अशी कुरकुर त्यांनी केली नाही.

फार्मव्हिलच्या मुलांचे पुढे काय झाले? २००३ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल खेदाचा ठराव केला. त्याच वर्षी, ज्यांचे शिक्षण तुटले त्या प्रौढांना मानाची शालान्त प्रमाणपत्रे देण्यात आली. २००४ साली अशा व्यक्तींसाठी शिष्यवृत्ती योजना झाली. जॉन क्लुगे या धनिकाने दहा लक्ष डॉलर देऊ केले आणि राज्याने तितकीच भर घातली. पन्नाशीतील माणसे पुन्हा वर्गात बसली. २००८ साली काउंटीच्या न्यायालयाच्या मनोऱ्यात पश्चात्ताप आणि सलोख्याची खूण म्हणून एक दिवा लावण्यात आला. बार्बरा पुढे ग्रंथपाल झाली. १९९१ साली ती निवर्तली, त्यामुळे यातील काहीच तिला पाहावयास मिळाले नाही. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा होता. यादवी युद्धात गुलामगिरी राखणाऱ्या पक्षाचे हे सेनापती. तो पुतळा डिसेंबर २०२० मध्ये हलविण्यात आला आणि त्या जागी बार्बराचा पुतळा देण्याचे राज्याने ठरविले.

या भरपाईला काय म्हणावे? गेलेले बालपण शिष्यवृत्तीने परत येत नाही. परंतु जे देता येण्यासारखे आहे ते उशिरा देणे हे मुळीच न देण्याहून चांगले, आणि ज्या पंचांनी कुलूप घातले त्यांच्या वारसांनी दिवा लावला, हीदेखील लहान गोष्ट नव्हे. कुलूप घालणारे त्या वारसांपैकी कोणी नव्हते. तरी त्यांनी ‘आमचा काय संबंध’ असे म्हटले नाही.

बंधुभगिनींनो, आता घरची गोष्ट.

त्या सभागृहातील बाकावर बसलो असता मला माझ्या गावची शाळा आठवली. साल १९५६ च्या आसपासचे. घटनेने अस्पृश्यता नष्ट करून सहा वर्षे झाली होती. तरी आमच्या वर्गातील एक मुलगा पडवीत, दाराच्या चौकटीबाहेर बसे. मास्तर त्याची पाटी हाती न घेता लांबूनच पाहात. तो हिशेबात माझ्यापेक्षा हुशार होता. माझी चूक झाली की तो बाहेरून हळूच उत्तर सांगे. चौथीनंतर तो दिसेनासा झाला. मी पुढे तालुक्याच्या गावी हायस्कुलात गेलो आणि तेथून पुण्यास. माझी फी आणि खोलीभाडे कोणी दिले? आपल्या मंडळाच्या विद्यार्थी फंडाने. तो फंड आपल्या पूर्वजांनी दारोदार फिरून, चार चार आणे जमवून उभारला. आपली ज्ञाती त्या काळी गरीब होती, मुलांना शहरात आसरा नव्हता. त्यांनी प्रथम आपल्या मुलांचा विचार केला, यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या त्या चार आण्यांमुळे मी आज आपणांपुढे उभा आहे.

परंतु पडवीतल्या त्या मुलासाठी कोणत्याही फंडाचे दार माझ्या ओळखीत नव्हते. मी त्याला बाहेर बसविले नव्हते. मी केवळ आत बसलो होतो. फार्मव्हिलच्या खाजगी शाळेतील गोऱ्या मुलानेही दुसरे काय केले होते?

आता तो ठराव. काही वर्षांपूर्वी आपल्या तरुण सभासदांनी वार्षिक सभेत सूचना मांडली होती, की आज आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे सुस्थितीत आहेत, शिष्यवृत्तीचे अर्ज वर्षागणिक कमी होत आहेत, तरी फंडाचा काही भाग ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यांना, विशेषतः ज्यांच्या घरात शिकणारे ते पहिलेच आहेत अशांना द्यावा. त्या सभेचा अध्यक्ष मी होतो. इतिवृत्तात नोंद आहे: ‘सूचना स्तुत्य आहे. यथावकाश विचार करावा.’ तो शब्द मी माझ्या हाताने घातला. सूचना पुढे आणखी दोन सभांत आली आणि दोन्ही वेळा तोच शब्द लिहिला गेला. सूचना मांडणाऱ्यांतील दोघेजण आता आपल्या सभांना येत नाहीत. तरुण मंडळी मंडळात रस घेत नाहीत, अशी तक्रार आपण दरवर्षी करतो. तिचे एक कारण आपल्याच इतिवृत्तात माझ्या अक्षरात आहे.

वडीलधाऱ्यांच्या शंका मला ठाऊक आहेत; त्या माझ्याही होत्या. देणगीदारांनी पैसा ज्ञातीसाठी दिला, तो दुसरीकडे कसा वळवावा? विश्वस्तपत्रात बदल करावयाचा तर धर्मादाय आयुक्तांपर्यंत जावे लागेल. हे खरे आहे. मृतांचा शब्द पाळणे हीदेखील न्यायाचीच बाब आहे. म्हणून मी तरुणांनाही सांगतो की, जुन्या फंडाला हात लावण्याचा आग्रह धरू नका. आजोबांच्या पैशाने उदार होण्यापेक्षा स्वतःच्या पैशाने उदार होणे अधिक शोभते. आणि वडीलधाऱ्यांना विनंती करतो की, एक स्वतंत्र निधी उभारण्यास आजच संमती द्या. त्यात जातीची अट नसावी. गरज आणि पात्रता पाहावी. त्याची व्यवस्था पाहणाऱ्या समितीत निम्मे सभासद तीस वर्षांखालील असावेत, आणि त्यांत मुलीही असाव्यात. बार्बरा जॉन्स सोळा वर्षांची होती, हे आठवावे.

यातून आपण कोणावर उपकार करणार आहोत, अशी भाषा मात्र नको. विद्यार्थ्यांना सत्कारासाठी व्यासपीठावर उभे करून छायाचित्रे काढू नयेत. ज्या घराने शंभर वर्षे आतली जागा वापरली त्याने थोडे सरकून बसावे, यात उपकार कसला? आणि केवळ एका निधीने जुना हिशेब फिटला, असेही कोणी समजू नये. पुढची पिढी आपल्याला याहून अवघड प्रश्न विचारील. ज्ञातिमंडळ कशासाठी हवे, हाही प्रश्न ती विचारील. तो विचारला गेला की रागावू नये. आपल्या आजोबांनी त्यांच्या काळाचा प्रश्न ओळखला म्हणून मंडळ निघाले. नातवंडांना त्यांच्या काळाचा प्रश्न ओळखू द्यावा.

पिढ्यांचा न्याय म्हणजे काय, याचा विचार करता मला तीन साध्या गोष्टी सुचतात. जे गेले त्यांनी आपणांस काय दिले ते विसरू नये. जे आपल्या सुखाच्या काळात बाहेर राहिले त्यांचे देणे नाकारू नये. आणि जे अजून लहान आहेत त्यांच्यावर आपल्या विलंबाचा बोजा टाकू नये. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे सोपे नाही. फार्मव्हिलच्या माणसांनाही त्या साधल्या नाहीत. परंतु त्यांनी प्रयत्न सोडला नाही.

त्या नव्या निधीसाठी माझ्या निवृत्तिवेतनातून पहिली लहानशी रक्कम मी आज कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. ती माझ्या नावाने जमा करू नये. पडवीत बसणाऱ्या त्या मुलाचे नाव मला आठवते. परंतु त्याच्या किंवा त्याच्या मुलाबाळांच्या संमतीवाचून ते येथे घेण्याचा मला अधिकार नाही. म्हणून पावतीवर नावाची जागा कोरी ठेवावी.

अध्यक्षमहाराज, दुपारच्या सभेत हा विषय निघेल तेव्हा निर्णय कोणताही होवो, कार्यवाहांना माझी एकच विनंती आहे. इतिवृत्तात या वेळी ‘यथावकाश’ हा शब्द लिहू नये. होय असेल तर तारीख घालावी आणि नाही असेल तर कारण लिहावे, म्हणजे आपली मुले ते पुढे वाचू शकतील.